चंडीगढचा व्हरांडा

(एका निवृत्त वास्तुरचनाकाराने व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वास्तुरचनाकार बोलायला उभा राहिला की श्रोत्यांच्या त्याच्याकडून दोनच अपेक्षा असतात, असा माझा अनुभव आहे. एक, देवघर कोणत्या कोपऱ्यात असावे हे त्याने सांगावे. दुसरी, पुनर्विकासात चौरस फूट किती पदरात पाडून घ्यावेत याचा सल्ला द्यावा. आज मी या दोन्ही बाबतींत आपली निराशा करणार आहे. मी बोलणार आहे एका व्हरांड्याबद्दल. हा व्हरांडा साधासुधा नाही. त्याच्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

प्रकरण असे. चंडीगढ येथे पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांचे मिळून एक उच्च न्यायालय आहे. त्याची इमारत ल कॉर्ब्युझिए या जगद्विख्यात वास्तुरचनाकाराने उभारली आणि १९५५ साली तिचे उद्घाटन झाले. २०१६ साली युनेस्कोने या इमारतीसह तेथील संपूर्ण शासकीय संकुल जागतिक वारशाच्या यादीत घेतले. या इमारतीतील पहिल्या क्रमांकाचे न्यायदालन मुख्य न्यायमूर्तींचे. त्याच्यापुढे व्हरांडा नव्हता. इतर न्यायदालनांपुढे तो होता, येथे नव्हता. म्हणजे उन्हात किंवा पावसात आपला पुकारा होण्याची वाट पाहणाऱ्या वकिलाने आणि पक्षकाराने उभे राहायचे कोठे, हा प्रश्न. उच्च न्यायालयाने व्हरांडा बांधण्याचा आदेश दिला. चंदीगढ प्रशासन म्हणाले, जागतिक वारशाला हात लावता येणार नाही, दर्जा धोक्यात येईल. वाद दिल्लीला गेला. अखेर २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या बाजूने कौल दिला, आणि ऊनपावसापासून आडोसा देणाऱ्या व्हरांड्याने वारशाला बाधा येत नाही, असा निर्वाळा दिला.

बातमी वाचून मी हसलो आणि लगेच गंभीरही झालो. ज्या देशात कोकणातल्या झोपडीलाही पडवी असते, तेथील सर्वांत गाजलेल्या न्यायमंदिराला व्हरांड्यासाठी सत्तर वर्षे थांबावे लागले. हे असे का झाले, याचा विचार करताना बोट एकाच दिशेला दाखवणे सोपे आहे. ‘परदेशी माणसाला आणले, त्याला आपले हवामान काय कळणार!’ असे म्हटले की सभागृहात टाळ्या पडतात. पण प्रकरण इतके सरळ नाही. किंबहुना ते सरळ नाही, म्हणूनच त्यावर तासभर बोलता येते.

प्रथम हे शहर जन्माला का आले ते पाहू. १९४७ साली पंजाबची फाळणी झाली. लाहोर पाकिस्तानात गेले. लाहोर म्हणजे पंजाबची नुसती राजधानी नव्हती. विद्यापीठ, न्यायालये, ग्रंथालये, छापखाने, व्यापारपेठा, सारे लाहोरात. अंगावरच्या कपड्यांनिशी लाखो कुटुंबे इकडे आली. पूर्व पंजाबचे सरकार सिमल्यात तात्पुरते बस्तान मांडून बसले होते. जुन्या शहरांपैकी एखाद्याला राजधानी करावे, तर ती आधीच निर्वासितांनी ओसंडून वाहत होती. तेव्हा शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी मोकळ्या जागेवर नवे नगर वसवायचे ठरले. जवळच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून त्याला चंडीगढ हे नाव मिळाले. नाव पुरातन, नगर मात्र भूतकाळाच्या ओझ्यातून मुक्त असावे, ही पंडित नेहरूंची इच्छा. सगळे हरवून आलेल्या माणसांना काहीतरी नवे आणि उजळ देण्याची ती धडपड होती. तिच्यावर टीका करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवले पाहिजे.

आराखड्याचे काम आधी अल्बर्ट मेयर या अमेरिकी नगररचनाकाराकडे होते. त्यांचे तरुण सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात गेले. मग पी. एन. थापर हे सनदी अधिकारी आणि पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंता असे दोघे युरोपात वास्तुरचनाकार शोधायला निघाले. पॅरिसमध्ये ते ल कॉर्ब्युझिएला भेटले. त्याने चंडीगढला येऊन राहण्यास नकार दिला. राजधानी येथे पॅरिसमध्ये, माझ्या कार्यालयातही रेखाटता येईल, असे त्याचे म्हणणे. तोडगा असा निघाला की त्याने वर्षातून दोनदा यावे आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जाँनेरे, तसेच मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे इंग्रज दांपत्य यांनी प्रत्यक्ष जागेवर राहून काम पाहावे. फेब्रुवारी १९५१मध्ये ल कॉर्ब्युझिए प्रथमच भारतात आला आणि सिमल्याच्या रस्त्यावरील एका विश्रामगृहात बसून अक्षरशः काही दिवसांत नगराचा मूळ आराखडा आखून मोकळा झाला. मेयरच्या आराखड्यातील वळणदार रस्ते त्याने सरळ केले. मूळ कल्पनेतले बरेच काही तसेच राहिले, हे मात्र त्याच्या चाहत्यांकडून सहसा ऐकायला मिळत नाही.

हा माणूस कोण होता? १८८७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला. मूळचे नाव वेगळेच. औपचारिक पदवी नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात ज्या पिढीने वास्तुरचना मुळापासून बदलायची प्रतिज्ञा केली, तिचा हा अग्रणी. या पिढीची प्रतिज्ञा काय होती, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या युरोपीय औद्योगिक शहरांत कामगार कोंदट, अंधाऱ्या, क्षयरोगाने ग्रासलेल्या वस्त्यांत राहत होते. दुसरीकडे श्रीमंतांच्या इमारतींवर नक्षी, पुतळे, खोटे खांब यांची लयलूट. या तरुणांनी विचारले, नक्षीवर जाणारा पैसा खिडकीवर का जाऊ नये? कारखान्यात मोटार स्वस्त होते, तर घर का होऊ नये? सूर्यप्रकाश, हवा आणि हिरवळ यांवर कामगाराचाही कारखानदाराइतकाच हक्क आहे, हा त्यांचा मूलमंत्र होता. त्यातील नैतिक तेज आजही जाणवते. आपल्या मुंबईने १८९६च्या प्लेगमध्ये काळोख्या, दाटीवाटीच्या वस्तीची किंमत मोजली होती, त्यामुळे आपल्याला हा मंत्र परका वाटण्याचे कारण नाही.

पण याच मंत्राच्या पोटात एक गर्व दडलेला होता. १९२५ साली याच ल कॉर्ब्युझिएने पॅरिसच्या मध्यभागाचा मोठा भाग जमीनदोस्त करून तेथे साठ-साठ मजल्यांचे अठरा मनोरे उभे करण्याची योजना मांडली. घराला तो यंत्राची उपमा देत असे. पुढे या चळवळीने नगरजीवनाचे चार खण पाडले. निवास, काम, विरंगुळा आणि वाहतूक. प्रत्येकाला स्वतंत्र जागा. कागदावर ही विभागणी फार सुंदर दिसते. परंतु आपल्या आळीतला शिंपी घरातच काम करतो, दुकानाच्या पायरीवरच विरंगुळा शोधतो आणि रस्ता हे त्याचे अंगणही असते. त्याला कोणत्या खणात टाकायचे?

येथे मला माझ्याच एका पापाची कबुली दिली पाहिजे. शिक्षण संपवून मी बाहेर पडलो तेव्हा आम्हां विद्यार्थ्यांच्या भिंतींवर देवादिकांऐवजी ल कॉर्ब्युझिएची छायाचित्रे असत. अशा भारलेल्या अवस्थेत सिंधुदुर्गातील एका शाळेच्या सभागृहाचे काम माझ्याकडे आले. मी सपाट स्लॅब घातली. छज्जा नाही, पडवी नाही, कौले तर नाहीतच. भिंतीची रेघ निर्भेळ दिसली पाहिजे ना! उद्घाटनाला पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केले. पहिल्या मृगातच खिडक्यांतून पाणी आत आले, श्रावणात स्लॅबला ओल आली, दसऱ्याला भिंती काळ्या पडल्या. पुढच्या वर्षी मी गेलो तर गावच्या गवंड्याने मला न विचारता चारही बाजूंनी पत्र्याची पडवी जोडून टाकली होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो शांतपणे म्हणाला, “सायेब, हंयसर पाऊस वरसून पडना नाय, आडवो येता.” पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात हे वाक्य मला कोणी शिकवले नव्हते. पावसाचा आडवेपणा आमच्या चित्रफलकावर कधी उमटलाच नव्हता.

म्हणून चंडीगढकडे मी दोषैकदृष्टीने पाहू शकत नाही. आणि खरे सांगायचे तर ल कॉर्ब्युझिएने हवामानाचा विचार केला नव्हता, असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याच्या कार्यालयाने तापमान, आर्द्रता, वारा यांचे महिनावार तक्ते तयार केले होते. उच्च न्यायालयाच्या इमारतीवर त्याने छत्रीसारखे दुसरे छप्पर घातले. वरचे छप्पर ऊन झेलते, दोहोंमधून वारा वाहतो. खिडक्यांपुढे काँक्रीटच्या खोल चौकटी बसवल्या, जेणेकरून हिवाळ्याचे कलते ऊन आत यावे आणि उन्हाळ्याचे डोक्यावरचे ऊन बाहेरच अडावे. कल्पना उत्तम. अडचण काँक्रीटची. मे-जूनमध्ये ते दिवसभर उष्णता पिऊन घेते आणि संध्याकाळी परत टाकू लागते. लू वाहते तेव्हा ती सावली निववत नाही, भाजते. शिवाय अशा चौकटींत कबुतरे आणि धूळ बेफाम साचते. पुढे वातानुकूलन यंत्रे आली आणि ज्या इमारती वाऱ्यासाठी रचल्या होत्या, त्यांच्या दर्शनी भागांवर यंत्रांचे खोके लटकू लागले.

ज्यांनी हे संकुल पाहिले आहे, ते माझ्याशी सहमत होतील की त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. सुमारे अडीचशे मीटर लांबीचे सचिवालय, गिलावा न केलेले राकट काँक्रीट, ज्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेषा तशाच दिसतात. विधानसभेचे सभागृह वीजनिर्मिती केंद्रातील शीतक-मनोऱ्याच्या आकाराचे. न्यायदालनात आवाज घुमू नये म्हणून लावलेली प्रचंड विणलेली चित्रे. हे सारे पंजाबच्या मजुरांनी, स्त्रियांनी डोक्यावरून घमेली वाहून उभे केले. यंत्रयुगाचे हे स्मारक जवळजवळ संपूर्णतः मानवी हातांनी घडले आहे. पण या इमारतींच्या मधे जे विस्तीर्ण प्रांगण आहे, ते उन्हात ओलांडून पाहा. सावलीचे झाड शोधावे लागते. नागरिकांनी तेथे जमावे, ही कल्पना होती. १९९५ साली सचिवालयाच्या दारात पंजाबचे मुख्यमंत्री बियंत सिंग यांची हत्या झाली आणि काटेरी तारा, पहारे, परवाने यांचे राज्य सुरू झाले. हा दोष वास्तुरचनाकाराचा नाही. तरी असे वाटते, ज्या मैदानाला लोकांनी आधी आपलेसे केले असते, ते इतक्या सहज बंद करता आले नसते.

आता राजधानीकडून घरांकडे वळू, कारण आपण सगळे राहतो घरात.

या शहराचा सर्वांत मोठा पुरुषार्थ मला संकुलात दिसत नाही, तो शिपायाच्या घरात दिसतो. सरकारी नोकरांसाठी मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत वेतनश्रेणीनुसार घरांचे तेरा-चौदा प्रकार ठरवले होते. ल कॉर्ब्युझिएने यांत फारसे लक्ष घातले नाही. ती घरे फ्राय, ड्र्यू, जाँनेरे आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या भारतीय वास्तुरचनाकारांनी रचली. सर्वांत खालच्या प्रकारातही दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र शौचालय-न्हाणी, नळाचे पाणी, वीज आणि मागे अंगण. भाजलेली स्थानिक वीट, विटांच्याच जाळ्या, आणि उन्हाळ्यात खाट टाकून उघड्यावर झोपता यावे अशी सोय. १९५०च्या दशकात देशातील किती शिपायांना असे घर मिळत होते? त्याच सुमारास मुंबईत बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहत होती आणि मजल्याला सामायिक संडास होते. ‘परकीयांनी लादलेली कुरूप घरे’ असे म्हणणाऱ्यांनी या दोहोंपैकी कोणते घर पत्करले असते, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे.

पण तेथेही एक मेख आहे. समतेचा मंत्र जपणाऱ्यांच्या नगरात वस्ती पदानुसार वाटली गेली. संकुलाजवळच्या उत्तरेकडील सेक्टरांत मंत्री, न्यायाधीश, मोठे भूखंड, विरळ वस्ती. दक्षिणेकडे जावे तसतशी दाटी वाढते. सेक्टरचा क्रमांक सांगितला की माणसाची ऐपत कळते, असे चंडीगढकर स्वतःच विनोदाने म्हणतात. प्रत्येक सेक्टर ८०० मीटर बाय १२०० मीटरचा, आत शाळा, दुकाने, बाग, आणि बाहेर वेगवान रस्ते. सात प्रतींचे रस्ते आखले होते. गंमत पाहा, रस्ते आखले तेव्हा पंजाबात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि सायकली अगणित. सायकलींसाठी आठवी प्रत नंतर जोडावी लागली. आज माणशी मोटारींच्या प्रमाणात चंडीगढ देशात अगदी वरच्या क्रमांकावर आहे आणि चौकाचौकांत वाहने तुंबतात.

आराखड्यात कोण नव्हते, याची यादी मला अधिक बोलकी वाटते. ज्यांच्या जमिनींवर शहर वसले ते शेतकरी नव्हते. कित्येक गावे उठवली गेली. बुडैल, अटावा यांसारखी काही उरली, ती आज चौकोनी सेक्टरांच्या मधोमध अरुंद गल्ल्यांची बेटे होऊन राहिली आहेत, आणि शहरातले स्वस्त भाड्याचे घर शोधणारा विद्यार्थी किंवा कारागीर नेमका तेथेच पोहोचतो. शहर बांधणाऱ्या मजुरांसाठीही आराखड्यात जागा नव्हती. त्यांच्या वस्त्या तात्पुरत्या म्हणून उभ्या राहिल्या आणि दशकानुदशके हलवल्या गेल्या. ‘कॉलनी क्रमांक चार’ नावाची मोठी वस्ती २०२२च्या मे महिन्यात पाडली गेली. नाव पाहा. सुंदर शहराने आपल्या मजुरांच्या वस्तीला नाव देण्याचेही कष्ट घेतले नव्हते. तसेच हातगाडीवाले. भाजीची गाडी, चहाची टपरी, इस्त्रीवाला, चर्मकार, यांना रेखाटनात स्थान नाही. ते आले, कारण त्यांच्यावाचून गृहिणीचे चालत नाही. प्रशासनाने हाकलले, ते पुन्हा आले, शेवटी त्यांच्यासाठी बाजार आखून द्यावे लागले.

लोकसंख्येचा हिशेबही चुकला. अंतिम मर्यादा पाच लाखांची धरली होती. २०११च्या जनगणनेत केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या साडेदहा लाख भरली. शहराभोवती मोकळा पट्टा राहावा म्हणून १९५२ सालीच कायदा केला होता. पुढे १९६६मध्ये पंजाब-हरियाणा वेगळे झाले, चंडीगढ दोघांची सामायिक राजधानी झाले, आणि दोन्ही राज्यांनी आपापल्या हद्दीत मोहाली व पंचकुला ही नगरे त्याला खेटून वसवली. राजकारणाच्या एका निर्णयापुढे कोणत्याही आराखड्याची पट्टी टिकत नाही. दरम्यान आतील बाजूस २०२३च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील सेक्टरांत बंगल्यांचे मजलेवार तुकडे पाडून सदनिका करण्यास मनाई केली. म्हणजे वारसा जपला जाणार, आणि ज्यांना तेथे घर परवडत नाही त्यांना ते यापुढेही परवडणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला यावर सोपे उत्तर सापडलेले नाही.

जाता जाता एक उपकथा. जाँनेरेने सरकारी कार्यालयांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या रचल्या होत्या. स्थानिक सुताराला जमाव्यात, कारकुनाला परवडाव्यात अशा. कालांतराने त्या मोडीत निघाल्या, गच्च्यांवर पडून राहिल्या, भंगारात गेल्या. आणि मग युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना लाखो रुपये येऊ लागले. तेव्हा केंद्र सरकारने २०११ साली त्यांच्या विक्रीला व निर्यातीला बंदी घातली. गरिबासाठी केलेली वस्तू धनिकाच्या दिवाणखान्यात जाऊन बसली, ही या सबंध चळवळीची करुण-विनोदी शोकांतिका आहे.

आणि आता या नगरातील माझी सर्वांत आवडती व्यक्ती. नेकचंद. फाळणीत आपले गाव सोडून आलेला एक साधा सरकारी रस्ते-निरीक्षक. नव्या शहरासाठी जुनी गावे पाडली जात होती. त्यांतील फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशांचे तुकडे, गटाराचे नळ हा माणूस सायकलवरून गोळा करी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस संकुलाशेजारच्या राखीव जंगलात त्याने कोणालाही न सांगता रात्री काम करून मूर्तींचे एक राज्य उभारले. माणसे, मोर, माकडे, राजे, नर्तकी. १९७५च्या सुमारास अधिकाऱ्यांना पत्ता लागला. कायद्याने ते सरळ अतिक्रमण. पण पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले आणि १९७६ साली ‘रॉक गार्डन’ सर्वांसाठी खुले झाले. १९८४मध्ये नेकचंदना पद्मश्री मिळाली. पुढे तेथून रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिक आडवे उभे राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२५च्या मार्चमध्ये, उच्च न्यायालयाकडील वाहतुकीसाठी बागेच्या एका भिंतीचा भाग मात्र पाडला गेला. संकुलात जायला परवाना लागतो, तर नेकचंदच्या वाकड्यातिकड्या वाटांवर लहान दारांतून वाकून जाताना खेड्यातली आजी आणि शहरातला नातू सारखेच रमतात. उखडलेल्या गावांनी आपल्या काचा-खापऱ्यांनिशी शहरात परत प्रवेश मिळवला, असे मला तेथे नेहमी वाटते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. दोष परदेशीपणाचा होता का? आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअसकडे शिकले, आणि परत येऊन त्यांनी कानपूरच्या आयआयटीत इमारतींना जोडणाऱ्या सावलीच्या लांबलचक वाटा दिल्या. लॉरी बेकर जन्माने इंग्रज. केरळात स्थायिक होऊन त्यांनी विटांच्या जाळ्या आणि उतरती छपरे यांतून अशी स्वस्त घरे बांधली की ती तेथल्या मातीतूनच उगवल्यासारखी दिसतात. तेव्हा पारपत्र पाहून वास्तुरचना कळत नाही.

आणि बाळकृष्ण दोशी. १९२७ साली पुण्यात, लाकडी सामानाच्या व्यवसायातील एकत्र कुटुंबात जन्मलेले. जे. जे.मध्ये शिकता शिकता परदेशी गेले आणि १९५१पासून पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली राबले, आरंभीचे कित्येक महिने तर बिनपगारी. गुरूला त्यांनी अखेरपर्यंत गुरूच मानले. पण त्यांनी इंदूरला ‘अरण्य’ ही वसाहत रचली तेव्हा गुरूची पट्टी बाजूला ठेवली. सुमारे ऐंशी हजार लोकांसाठीची ही योजना १९८०च्या दशकातली. सर्वांत गरीब कुटुंबाला त्यांनी तयार घर दिले नाही. जोते, न्हाणी-संडास, पाण्याची जोडणी आणि एखादी खोली एवढेच दिले. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, गरजेप्रमाणे वाढवायचे. रस्त्याकडे ओटा, जिना, सज्जा कसा येऊ शकतो याचे नमुने बांधून दाखवले. ‘अरण्य’ला १९९५मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला, दोशींना २०१८मध्ये प्रित्झकर पारितोषिक. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३च्या जानेवारीत ते गेले. ‘अरण्य’तही सारे आदर्शवत झाले असे नाही. भूखंड विकले गेले, सधन माणसे शिरली, मजले चढले. पण तेथे बदल हा आराखड्याचा पराभव ठरला नाही, कारण तो गृहीतच धरला होता.

आपल्या जवळचे उदाहरण बेलापूरचे. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात तेथे ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ वसवले. सुमारे आठ मीटर चौरस अंगणाभोवती सात घरे, अशी मूळ मांडणी. कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही, कारण शेजाऱ्याशी न भांडता घर वाढवता आले पाहिजे. किती बारीक निरीक्षण! आज तेथे गेलात तर उतरत्या कौलांची मूळ घरे थोडीच दिसतील. बहुतेकांनी पाडून दोन-तीन मजली बंगले बांधले आहेत. माझे काही व्यवसायबंधू याने हळहळतात. मला तितके वाईट वाटत नाही. अंगणे बऱ्याच ठिकाणी शाबूत आहेत. कोठे तुळस आहे, कोठे दुचाक्या, कोठे मुलांचे क्रिकेट.

हे आजच का सांगावेसे वाटले? २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून पाचशे चौरस फुटांत, चाळीस मजली इमारतीत. त्यांच्या आनंदात मी मनःपूर्वक सहभागी आहे. सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहणे ज्यांनी भोगले नाही, त्यांनी चाळीच्या सहजीवनाचे गोडवे गाऊ नयेत. परंतु अमेरिकेत सेंट लुईस येथे १९५०च्या दशकात गरिबांसाठी अकरा मजली तेहतीस इमारती बांधल्या होत्या, आणि १९७२पासून त्या सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. वास्तुरचना चुकली म्हणून एवढेच नव्हे. उद्वाहने, दिवे, नळ यांची निगा भाड्यातून भागवायची ठरली होती, भाडेकरू पांगले आणि पैसाच उरला नाही. आपल्या मनोऱ्यांत दहा-बारा वर्षांनी उद्वाहनाच्या देखभालीचा खर्च निवृत्त गिरणी कामगाराची विधवा कशी भरणार, याचे गणित कोणाच्या वहीत आहे? आणि चाळीची ती लांब गॅलरी, जेथे पापड वाळत, मुले अभ्यास करत, आजारी माणसाची चौकशी येताजाता होई, तिचे मनोऱ्यात काय झाले? तेथील नकाशात मी ती शोधली. उद्वाहनापुढची मोकळी जागा तेवढी आहे, आणि तीही अग्निशमनाच्या नियमांनुसार रिकामीच ठेवावी लागते.

माझ्या त्या सभागृहाचे काय झाले, असे मघाशी एका भगिनीने चिठ्ठीवर विचारले आहे. ते उभे आहे. स्लॅबवर आता लोखंडी कैच्यांवर पत्र्याचे उतरते छप्पर चढवले आहे. माझी निर्भेळ रेघ कोठेच दिसत नाही. गवंड्याच्या पडवीला मात्र शाळेने नंतर पक्के जोते घातले, आणि पावसाळ्यात पहिलीचा वर्ग तेथेच भरतो.